क्रूझच्या आधी नैरोबीचं बघा

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून इथे देते.

"आमच्या लग्नाला जानेवारीत पस्तीस वर्षं होतात. लेकीने आणि जावयांनी मिळून आम्हा दोघांसाठी क्रूझ बुक केली आहे. १७ जानेवारीला सिंगापूरहून जहाज सुटतं आणि पेनांग, फुकेत करून चार रात्रींनी पुन्हा सिंगापूरला येतं. अशीच एक क्रूझ २०२० च्या मार्चमध्ये ठरली होती. बॅगा भरून ठेवल्या होत्या आणि सगळंच बंद झालं. म्हणून या वेळी जास्त धाकधूक आहे. माझं वय ५८, यांचं ६६. यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की क्रूझला बूस्टरचं सर्टिफिकेट आणि ४८ तासांतला आरटीपीसीआर लागतो. आम्ही दोघांनीही बूस्टर घेतलेला नाही. बुकिंगवाला म्हणतो, आता काही म्हणजे काही लागत नाही. जावई म्हणतात, असतील नसतील ते सगळे कागद घ्या. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, जपानजवळ ते जहाज अडकलं होतं तसं झालं तर? मी कोणाचं ऐकू? ता. क. डिसेंबरअखेर आम्ही धाकट्या दिरांकडे नैरोबीला जातोय. ११ जानेवारीला मुंबईत परत आणि १५ ला सिंगापूरचं विमान. मध्ये धावपळ करायला दिवस नाहीत, म्हणून आत्ताच विचारते."

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. करोनाच्या लशीचं सर्टिफिकेट आणि आरटीपीसीआर या दोन्ही गोष्टी आज तुमच्या वाटेवरचा कुठलाच देश मागत नाही. मलेशियाने १ ऑगस्ट २०२२ ला ही अट काढली, थायलंडने १ ऑक्टोबर २०२२ ला, सिंगापूरने १३ फेब्रुवारी २०२३ ला. भारतात बाहेरून येणाऱ्या विमानांतल्या दोन टक्के प्रवाशांचे नमुने घेत असत, तेही जुलै २०२३ मध्ये थांबलं. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं ५ मे २०२३ ला जाहीर केलं होतं. तेव्हा बूस्टर नाही म्हणून सहल अडणार नाही. भिशीतल्या मेसेजमुळे झोप उडवून घेऊ नका.

बुकिंगवाल्याचं म्हणणं मात्र अर्धंच खरं आहे. 'काही म्हणजे काही लागत नाही' हे त्याने फक्त क्रूझपुरतं पाहून सांगितलं. तुमच्या पत्रातली मला अस्वस्थ करणारी ओळ तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिली आहे. नैरोबी.

केनिया हा यलो फीव्हरचा, म्हणजे पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. हा आजार डासांमुळे पसरतो. आपल्याकडे तो नाही, पण तो पसरवणारा डास भरपूर आहे. म्हणून भारत सरकार या बाबतीत फार कडक आहे, आणि मला ते योग्य वाटतं. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रत्येकाकडे यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं. नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. सिंगापूरचा नियमही तसाच आहे. आधीच्या सहा दिवसांत तुम्ही केनियात असाल तर तिथेही सर्टिफिकेट दाखवावं लागतं. तुम्ही नैरोबीहून निघणार १० किंवा ११ जानेवारीला आणि सिंगापूरला उतरणार १५ ला. म्हणजे मुंबईत अडकायची शक्यता आहे, आणि तिथून सुटलात तरी सिंगापूरला पुन्हा तोच प्रश्न. जहाज १७ ला तुमच्याशिवाय सुटेल. करोनाचे सगळे नियम गेले तरी हा नियम होता तिथेच आहे. तो करोनाच्या कितीतरी आधीचा आहे आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत नावानिशी लिहिलेला आहे.

लस एकदाच घ्यावी लागते. पूर्वी सर्टिफिकेट दहा वर्षं चालायचं, जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. पण ग्राह्य धरलं जातं ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून. आदल्या आठवड्यात टोचून घेऊ म्हणाल तर उपयोग नाही. लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, घराजवळच्या दवाखान्यात नाही. वेळ आधी घ्यावी लागते आणि ठरावीक वारीच देतात. जाताना मूळ पासपोर्ट न्या, कारण तिथे मिळणाऱ्या पिवळ्या पुस्तिकेत पासपोर्टचा नंबर लिहितात. ती पुस्तिका पासपोर्टलाच रबर बँडने बांधून ठेवा. मोबाइलमधला फोटो ही नुसती सोय आहे, अधिकाऱ्याला मूळ कागद हवा असतो.

आता तुमच्या यजमानांचं. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. मधुमेह आहे म्हणून ती चालत नाही, असं नाही. प्रश्न वयाचा आहे. साठीनंतर आयुष्यातला पहिला डोस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम क्वचितच होतात, पण तरुणांपेक्षा जास्त होतात. त्यामुळे ६६ व्या वर्षी ही लस घ्यायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून ठरवायला हवं. ते मी ठरवू नये, बुकिंगवाल्याने नाही आणि जावयांनीही नाही. डॉक्टरांना एक गोष्ट जरूर सांगा: मुक्काम फक्त नैरोबी शहरात आहे की मसाई माराला वगैरे जायचं आहे? कारण जागतिक आरोग्य संघटना नुसत्या नैरोबी किंवा मोंबासा शहरात राहणाऱ्यांना ही लस सरसकट घ्या असं म्हणत नाही, तिथे धोका कमी आहे. कागदाचा नियम मात्र शहर बघत नाही, देश बघतो. म्हणजे कदाचित तब्येतीसाठी लशीची गरज नाही आणि शिक्क्यासाठी आहे, अशा कात्रीत तुम्ही सापडाल. डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर ते तसं लेखी देऊ शकतात, त्याचा ठरलेला नमुना असतो. पण ते पत्र मान्य करायचं की नाही हे समोरच्या देशातला अधिकारी ठरवतो. चार दिवसांच्या अंतराने दोन देशांत ते पत्र दाखवून क्रूझ गाठायची, हा धोका मी माझ्या घरच्यांना घेऊ देणार नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही सहली वेगळ्या करा. लग्नाचा वाढदिवस जानेवारीत आहे आणि क्रूझचे पैसे भरलेले आहेत, तेव्हा क्रूझ ठेवा. नैरोबी पुढच्या वर्षी, डॉक्टरांशी निवांत बोलून. दिरांना वाईट वाटेल, पण त्यांना खरं कारण सांगा. केनियात राहणाऱ्या माणसाला हे सर्टिफिकेट प्रकरण नीट माहीत असतं. आणि नैरोबी आत्ताच करायची असेल, डॉक्टरांनीही हिरवा कंदील दाखवला, तर लस नोव्हेंबरातच घेऊन टाका.

आता तुमच्या ग्रुपवरचा मेसेज. तो कोणी खोडसाळपणे बनवलेला असेल असं मला वाटत नाही. अशा अटी एके काळी खरोखर होत्या. अडचण एवढीच की त्याच्यावर तारीख नाही. तारीख नसलेला नियम पुढे पाठवू नये. करोनाच्या तीन वर्षांत क्रूझचे नियम इतक्यांदा बदलले की आम्हा बुकिंगच्या धंद्यातल्या माणसांनाही पाठ राहत नव्हते. अमेरिकेने १४ मार्च २०२० ला क्रूझ जहाजं थांबवली, ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस अटींवर चालवायची चौकट आणली, जानेवारी २०२२ मध्ये त्या अटी ऐच्छिक केल्या आणि १८ जुलै २०२२ ला तो कार्यक्रमच गुंडाळला. ऑस्ट्रेलियाने परदेशी क्रूझवर घातलेली बंदी १७ एप्रिल २०२२ पर्यंत चालली. कॅनडाने १ ऑक्टोबर २०२२ ला सगळ्या अटी काढल्या, पण परदेशी माणसाला अमेरिकेत विमानाने उतरायचं तर ११ मे २०२३ पर्यंत लस लागतच होती. म्हणजे एकाच जहाजावर चढायला लस लागत नाही, पण ते जहाज गाठायला जे विमान पकडायचं त्याला लागते, असेही दिवस आम्ही पाहिले. त्या काळात खरा असलेला कुठलाही मेसेज आज चुकीचाच ठरेल.

एक प्रसंग सांगते, तो नेमका तुमच्याच वाटेवरचा आहे. परदेशातून येणाऱ्यांनी एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर भरायचा तब्येतीचा फॉर्म भारताने २२ नोव्हेंबर २०२२ ला बंद केला. सगळे खूश. डोंबिवलीचे एक काका-काकू २६ डिसेंबरला सिंगापूरला गेले आणि नाताळची गर्दी टाळून २८ ला क्रूझवर चढले. ते निघाले तेव्हा भारतात परत येण्यासाठी कुठलीही अट नव्हती. ते समुद्रात असताना, २९ डिसेंबरला, केंद्र सरकारने जाहीर केलं की १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना ७२ तासांतला आरटीपीसीआर लागेल आणि एअर सुविधाचा फॉर्मही भरावा लागेल. त्यांचं परतीचं विमान होतं २ जानेवारीला. जहाजावरच्या इंटरनेटवर माझा मेसेज त्यांना पोचला तो ३० तारखेच्या रात्री. १ तारखेला सकाळी जहाजावरून उतरल्या उतरल्या काका-काकू सामान घेऊन टॅक्सीने दवाखान्यात गेले. नववर्षाची सुट्टी, निम्मे दवाखाने बंद, तिसऱ्या ठिकाणी नमुना घेतला. रिपोर्ट आला तेव्हा विमानाला सहा तास उरले होते. काकू मला फोनवर म्हणाल्या, "अगं, चार दिवसांचा समुद्र विसरले मी, ती टॅक्सीच आठवते." ती अट १३ फेब्रुवारीला उठली, म्हणजे जेमतेम सहा आठवडे टिकली. पण काका-काकूंचं विमान नेमकं त्या सहा आठवड्यांत होतं.

म्हणून तुम्ही नियम एकदाच बघून निश्चिंत होऊ नका. सगळे पैसे भरण्याआधी एकदा, निघायच्या आठवडाभर आधी एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी एकदा बघा. आणि जाण्याच्या वाटेइतकीच येण्याची वाटही बघा, आपली माणसं तीच विसरतात. बघायचं कुठे? ज्या देशात उतरायचं त्याच्या सरकारी संकेतस्थळावर, क्रूझ कंपनीने तुमच्या ईमेलवर पाठवलेल्या बोर्डिंगच्या सूचनांमध्ये, आणि परतीसाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये. लेकीला सांगा, ती पाच मिनिटांत बघून देईल. आजचं हे माझं उत्तरही जानेवारीत आंधळेपणाने वापरू नका.

क्रूझचे नियम विमानापेक्षा किचकट का, हे एकदा समजून घेतलंत तर पुढे कुणाला विचारावं लागणार नाही. विमान एका देशातून उठतं आणि दुसऱ्या देशात बसतं. तुमचं जहाज तीन देशांच्या बंदरांना लागणार. प्रत्येक बंदर आपल्या देशाचा नियम लावतं, आणि वाटेतल्या एका बंदराची अट सगळ्यात कडक असेल तर कंपनी तीच अट पहिल्या बंदरावर सगळ्यांना लावते. तुम्ही फुकेतला खाली न उतरता डेकवर चहा पीत बसलात तरी. शिवाय कंपनी स्वतःचा नियम देशाच्या नियमापेक्षा कडक ठेवू शकते.

बंदरात शिरण्याआधी जहाजाला तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. जहाजांच्या भाषेत तिला 'प्रॅटिक' म्हणतात. कॅप्टन आरोग्याचं घोषणापत्र आधी पाठवतो: कितीजण आजारी, कुणाला ताप, कुणाचा मृत्यू झाला का. पिवळं निशाण चढवलं की त्याचा अर्थ, आमच्या जहाजावर सगळे निरोगी आहेत, आम्हाला आत येऊ द्या. पुष्कळांना वाटतं पिवळं निशाण म्हणजे रोगराई, पण आज त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. बंदरात येणारी-जाणारी जहाजं तपासायचा आणि माणसांना अडवून ठेवायचा अधिकार त्यात होता. २०२० च्या मार्चमध्ये तुमच्या भरलेल्या बॅगा उघडायला लावल्या, तेव्हा देशभर तोच कायदा पुन्हा बाहेर काढला होता.

सासूबाईंच्या भीतीला मी उडवून लावणार नाही. त्या जहाजाची गोष्ट भयंकरच होती. डायमंड प्रिन्सेस ३ फेब्रुवारी २०२० ला योकोहामाला आलं. हाँगकाँगला आधीच उतरून गेलेला एक प्रवासी बाधित निघाला होता. जहाजावर ३,७११ माणसं होती. प्रवाशांना खोल्यांत बंद केलं, पण कर्मचारी मात्र एकाच खोलीत दोघं-तिघं झोपत होते आणि दारोदार जेवण पोचवत होते. शेवटी ७१२ जणांना लागण झाली. त्यात १३८ भारतीय होते, पैकी १३२ कर्मचारी आणि फक्त सहा प्रवासी. ११९ जणांना एअर इंडियाच्या खास विमानाने २७ फेब्रुवारीला दिल्लीला आणलं. त्याच महिन्यात वेस्टरडॅम नावाचं दुसरं जहाज बंदरामागून बंदर फिरत होतं. त्याच्यावर तेव्हा एकही करोनाचा रुग्ण आढळलेला नव्हता, तरी जपान, तैवान, फिलिपिन्स, गुआम आणि थायलंड या पाचही ठिकाणांनी नकार दिला. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने त्यांना सिहानुकविल बंदरात घेतलं. आपल्याकडे २०२२ च्या नववर्षाला मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर सुमारे दोन हजार जणांची तपासणी झाली, ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाजाला मुरगावहून मुंबईला परत यावं लागलं.

तेव्हा सासूबाईंना काय सांगाल? हेच की २०२० च्या फेब्रुवारीत हा आजार काय आहे तेच कुणाला ठाऊक नव्हतं. लस नव्हती, पुरेशा चाचण्या नव्हत्या, आणि आजारी जहाज कुठे न्यायचं याचा करार कुठल्याही बंदराशी झालेला नव्हता. त्यानंतर अमेरिकेसारख्या देशांनी कंपन्यांकडून बंदरांशी आणि तिथल्या आरोग्य खात्याशी आधीच करार करून घेतले, जहाजावर तपासणीची सोय आणि वेगळ्या खोल्या ठेवायला लावल्या. समुद्रावर अडकायची शक्यता शून्य झाली असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरचंच एक जहाज ८३ वर्षांच्या एका आजोबांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून मधूनच परत फिरलं. सुमारे १,७०० प्रवासी खोल्यांत बसून होते आणि नंतर कळलं की तो रिपोर्टच चुकीचा होता. पण हेही लक्षात घ्या की ते जहाज एका दिवसात बंदराला लागलं, कुणी त्याला हाकलून दिलं नाही. सासूबाईंना हे सांगा, आणि रोज संध्याकाळी एक फोन करायचं कबूल करा. जहाजावरून फोन महाग पडतो, इंटरनेटचं पॅकेज आधीच घेऊन ठेवा. माझ्या अनुभवात मोठ्या माणसांना आकडे ऐकून जितका धीर येत नाही तितका आवाज ऐकून येतो.

जावयांचं म्हणणं राहिलं: असतील नसतील ते कागद घ्या. कागद नेण्याला माझी हरकत नाही, करोनाच्या दोन डोसांचं सर्टिफिकेट फोनमध्ये राहू द्या. पण कागद किती आहेत यापेक्षा त्यांच्यावरचं नाव एक आहे का, हे आधी बघा. आपल्या बायकांचं इथेच अडतं. २०२१ च्या नोव्हेंबरात, दोन डोस झालेल्यांनाच क्रूझवर घेत होते तेव्हा, मी मुंबईच्या बॅलार्ड पियर धक्क्यावर एका ग्रुपला सोडायला गेले होते. ग्रुपमधल्या एक आजी टेबलापाशी थांबल्या. पासपोर्टवर त्यांचं सासरचं नाव, लग्नात बदललेलं. आधारवर माहेरचं नाव आणि माहेरचंच आडनाव, आणि लशीचं सर्टिफिकेट आधारवरून निघालेलं. पासपोर्टवरची वैशाली आणि सर्टिफिकेटवरची कुसुम एकच, हे टेबलापलीकडच्या पोरीला कसं पटवायचं? आजी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अहो, मीच ती." मागची रांग पुढे सरकत होती. शेवटी त्यांच्या मुलाने घरून लग्नाच्या दाखल्याचा फोटो पाठवला, तेव्हा पाऊण तासाने त्यांना आत घेतलं. त्याच वर्षी इंग्लंडनेही आपल्या सर्टिफिकेटवर बोट ठेवलं होतं, कारण त्यावर पूर्ण जन्मतारीख नव्हती. पुढे कोविनवर पासपोर्टप्रमाणे जन्मतारीख घालायची सोय झाली.

तुम्ही आजच रात्री पासपोर्ट, क्रूझचं तिकीट, विमानाचं तिकीट, विम्याची पॉलिसी आणि यलो फीव्हरचं घेतलंत तर ते पुस्तक, सगळं एका टेबलावर मांडा. अक्षर न् अक्षर जुळवा. मधलं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं अक्षर, हे सुद्धा. तिकिटावरचं नाव आत्ता दुरुस्त करता येतं, काउंटरवर नाही.

बोर्डिंगच्या वेळी तुमच्याकडून तब्येतीचा एक छोटा फॉर्म भरून घेतील. गेल्या काही दिवसांत ताप, उलट्या, जुलाब, खोकला झाला का? ताई, इथे खरं लिहा. 'नाही' वर खूण करून आत जायचा मोह होतो, पैसे भरलेले असतात. पण जहाज म्हणजे एकाच जिन्याने, एकाच जेवणघरात हजारो माणसं. जहाजावर आजही सगळ्यात जास्त त्रास देतो तो नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबांचा. त्याला हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं दाद देत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवा, जेवणाआधी तर नक्कीच. आणि यजमानांना निघायच्या महिनाभर आधी फ्लूची लस द्यायची का हे त्याच डॉक्टरांना विचारून घ्या.

औषधं हातातल्या बॅगेत, दुप्पट दिवसांची, मूळ पाकिटांत, सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेत असाल तर सिंगापूरला त्यासाठी आधी परवानगी लागू शकते, तिथे औषधांच्या बाबतीत फार कडक आहेत. विमा घेताना मधुमेह लपवू नका, आणि पॉलिसीत क्रूझ, जहाजावरून दवाखान्यात हलवायचा खर्च आणि क्वारंटाइनमुळे वाढलेला मुक्काम हे तीन शब्द शोधा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये येतं.

राहिला सिंगापूरचा अरायव्हल कार्डाचा फॉर्म. त्यातच आरोग्याची माहितीही भरायची असते. तो ऑनलाइन आहे, पोचायच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचा आणि फुकट आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पत्त्याच्या शेवटी सिंगापूर सरकारचं 'गव्ह डॉट एसजी' आहे का ते बघा. क्रूझ संपवून तुम्ही सिंगापूरला उतरता तेव्हा तुम्ही त्या देशात नव्याने शिरत असता. म्हणून व्हिसा एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा हवा, आणि त्या दुसऱ्या येण्याचं कार्ड, तसंच मलेशिया आणि थायलंडची डिजिटल कार्डं तुमच्या जहाजासाठी कशी भरायची, हे बुकिंगवाल्याकडून लेखी घ्या. तोंडी 'काही लागत नाही' आता पुरे. व्हॉट्सॲपवर का होईना, त्याच्याकडून लिहून घ्या, तारखेसकट.

नैरोबीचं काय ठरलं ते मला कळवा. लस घ्यायची ठरली तर तुम्हाला जवळ पडेल असं केंद्र आणि तिथले वार मी शोधून देईन.